तीनच्या पानांची टंचाई : ‘लॅबिरिंथ’चा एकट्याचा डाव

व्होल्को रूनके यांनी रचलेला आणि जीएमटी गेम्सने २०१० मध्ये प्रकाशित केलेला ‘लॅबिरिंथ : द वॉर ऑन टेरर’ हा अमेरिका विरुद्ध जिहादी संघटना असा, पट आणि पाने (पत्ते) यांवर खेळायचा खेळ दोघांसाठी आहे, परंतु लातुरात एका बैठकीत पूर्ण डाव संपेपर्यंत समोर बसणारा भिडू मिळणे कठीण असल्यामुळे मी तो एकट्यानेच खेळतो. एकट्याच्या डावात आपण अमेरिकेची बाजू सांभाळायची आणि जिहादी बाजू नियमपुस्तकासोबत आलेल्या प्रवाह-तक्त्यानुसार चालवायची, अशी मूळ संचातील व्यवस्था आहे. ही नोंद नुकत्याच संपलेल्या एका डावाची आहे: ‘लेट्स रोल’ ही २००१ ची मांडणी, १२० पानांचा एकच गठ्ठा आणि ‘मडल्ड’ ही सर्वांत सौम्य पातळी.

मांडणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेचे धोरण ‘हार्ड’ (कडक; याच्या उलट ‘सॉफ्ट’), प्रतिष्ठा ७, जिहादी निधी ९. अफगाणिस्तानात इस्लामिस्ट रूल (जिहादी बाजूची सत्ता) आणि चार सुप्त, म्हणजे लपलेले, सेल (दहशतवादी गट). अमेरिकेच्या सैन्याचे पंधरा ठोकळे असून त्यांतील दोन सौदी अरेबियात, दोन आखाती राष्ट्रांत आणि उरलेले अकरा राखीव पट्टीवर असतात. या पट्टीवर दहा किंवा अधिक ठोकळे असतील तर फेरीला नऊ पाने मिळतात, पाच ते नऊ असतील तर आठ, आणि त्याहून कमी असतील तर सात. प्रत्येक खेपेला जिहादी बाजू दोन पाने खेळते, मग अमेरिका दोन पाने खेळते, आणि हात संपेपर्यंत हे आळीपाळीने चालते.

तक्त्याविषयी माझे मत आता बऱ्यापैकी स्थिर झाले आहे. तो आंधळा आहे, पण आळशी नाही. पान वर आले की त्यावरची घटना लागू होते का हे तो विचारतो. होत नसेल तर मेजर जिहाद (देशात इस्लामिस्ट रूल आणू शकणारी खेळी) शक्य आहे का हे पाहतो, मग साधा जिहाद (देशाचा कारभार बिघडवणारी खेळी), आणि अशा क्रमाने खाली उतरत जातो. त्याला हातात पान राखून ठेवता येत नाही आणि तीन खेपांनंतरचा विचारही करता येत नाही. मात्र पानावरचे (एक ते तीन) गुण उरले तर ते वाया जात नाहीत. ते ‘रॅडिकलायझेशन’कडे वळतात आणि आपण निश्चिंत असतो तेव्हाच निधी पुन्हा वर सरकतो. म्हणून या तक्त्याला शत्रूचे डोके समजून त्याच्या हेतूंचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नसतो. एकट्याच्या डावातली खरी झुंज आपल्याच हातातल्या पानांशी असते, आणि त्यातही तीन गुणांच्या पानांशी.

कारण या खेळात जे जे महत्त्वाचे आहे ते सर्व तीनचे पान मागते. रेजीम चेंजला (सैन्य उतरवून सत्ताबदल करायला) तीन, कट उधळणाऱ्या ‘अलर्ट’ला तीन, पुअर कारभाराच्या देशात (कारभाराच्या उतरत्या पायऱ्या गुड, फेअर, पुअर) ‘वॉर ऑफ आयडियाज’, म्हणजे देशाला आपल्या बाजूला वळवण्याची किंवा त्याचा कारभार सुधारण्याची खेळी, करायचे असेल तरी तीन, आणि तशाच देशात सेल शोधून काढायचे असतील तरी तीन. धोरण बदलणाऱ्या ‘रिअसेसमेंट’ला तर तीनची दोन पाने एकाच वेळी टाकावी लागतात. याउलट फेअर कारभाराच्या देशात दोनचे पान पुरते. त्यामुळे पाने हातात आली की मी ती घटनांप्रमाणे न लावता आधी गुणांप्रमाणे लावतो, आणि कोणते तीन कशासाठी राखायचे हे ठरवल्याशिवाय पहिले पान खाली ठेवत नाही.

पहिल्या खेपेला जिहादी बाजूने अफगाणिस्तानात भरती केली आणि तेथील सेल सहा झाले. इस्लामिस्ट रूल असलेल्या देशात भरतीला फासा टाकावा लागत नाही, म्हणून उशीर करण्यात काहीच फायदा नव्हता. माझे पहिले पान रेजीम चेंजवर गेले. पट्टीवरचे सहा ठोकळे अफगाणिस्तानात उतरवले, पट्टीवर पाच उरले आणि पुढच्या फेरीचा हात आठ पानांचा झाला. कारभाराच्या फाशावर दोन पडले, म्हणजे देश पुअर, पण मित्रपक्ष. त्यानंतर प्रतिष्ठेचा फासा. पहिल्या फाशावर एक ते चार पडले तर प्रतिष्ठा घसरते, पाच-सहा पडले तर वाढते. किती, हे आणखी दोन फाशांतील लहान आकडा ठरवतो. तीन पडले, मग दोन आणि पाच, आणि प्रतिष्ठा सातावरून पाचावर आली. तीनांत दोन वेळा हे असेच होणार हे गृहीत धरूनच ही खेळी करावी. मला तिचे फार दुःख वाटत नाही, कारण भरपाईची सोय त्याच देशात असते.

ती सोय अशी. रेजीम चेंज झाला की तेथील सगळे सेल उघडे पडतात. ज्या मुस्लिम देशात दोन किंवा अधिक ठोकळे आहेत तेथे ‘डिस्रप्ट’ केले की एका पानात दोन सेल काढता येतात आणि वर प्रतिष्ठा एकाने वाढते. दुसऱ्या पानाने सहाचे चार सेल झाले आणि प्रतिष्ठा सहा. पुढच्या खेपेला जिहादी बाजूने एक सेल पाकिस्तानात हलवला. माझ्या पानाने उरलेल्या तिघांपैकी दोन गेले आणि प्रतिष्ठा पुन्हा सातावर आली. सात हा आकडा मोलाचा आहे, कारण तेथून ‘वॉर ऑफ आयडियाज’च्या फाशात एक मिळवायला मिळतो. आखाती राष्ट्रे सुरुवातीपासून फेअर आणि मित्रपक्ष असतात. गुडकडे जाताना एक वजा होतो, प्रतिष्ठेचा एक तो वजा भरून काढतो, आणि पाच पडले तरी काम होते. सहा पडले. तीन संसाधनांचा (संसाधने म्हणजे देशाचे वजन, ज्यावर शेवटी जय-पराजय ठरतो) देश गुड झाला, आणि शेजारी गुड मित्र असल्याचा फायदा पाकिस्तानलाही मिळू लागला.

रेजीम चेंजच्या देशातले सैन्य मोकळे करणे ही या डावातली सर्वांत रंगतदार गणिती बाब आहे, म्हणून तीवर थोडे रेंगाळतो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा नियम पटवून द्यावा लागत नाही. आमच्याकडची, म्हणजे निझामाच्या हैदराबाद संस्थानावरची, पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत आटोपली, पण मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी कारभार त्यानंतर वर्षाहून अधिक काळ, १९४९ च्या अखेरीपर्यंत चालला. खेळातही सैन्य उतरते एका पानात, आणि परत येताना सेलच्या संख्येपेक्षा किमान पाच ठोकळे जास्त मागे ठेवावे लागतात. कारभार सुधारण्यासाठीही तीच अट आहे.

आता हिशोब पाहा. एकूण पंधरा, त्यांपैकी सहा अफगाणिस्तानात. सौदी आणि आखातातले चारही ठोकळे घरी आणले तरी पट्टीवर नऊच होतात, म्हणजे नऊ पानांच्या हाताला नेमका एक ठोकळा कमी पडतो. तो एक ठोकळा अफगाणिस्तानातून आणायचा तर तेथे एकही सेल असता कामा नये. म्हणून मी दुसऱ्या फेरीत तेथे राहिलेला शेवटचा सेलही तीनचे पान खर्चून काढला, आणि मग एक-एक गुणांची पाने, जी एरवी हातात नुसती पडून राहतात, सैन्य घरी आणण्यासाठी वापरली. पट्टीवर परतायला एक गुण पुरतो. पट्टीवर दहा ठोकळे, अफगाणिस्तानात पाच, सेल शून्य. तिसऱ्या फेरीला नऊ पाने हातात आली.

सौदी अरेबिया त्यामुळे उघडा पडला, हे खरे. पण पुअर देशातील मेजर जिहादला सैन्यापेक्षा पाच सेल जास्त लागतात, आणि एकाच ठिकाणी पाच सेल जमवण्याइतकी चिकाटी तक्त्याकडे क्वचितच दिसते. माणूस समोर असता तर मी ते दोन ठोकळे सौदीतून हलवले नसते.

पाकिस्तानातून एक सुप्त सेल अफगाणिस्तानात परतला तेव्हा पाचांची अट मोडली आणि कारभार सुधारण्याचे काम थांबले. तरीही तो सेल मला फारसा खुपला नाही. सुप्त सेल उघडा करण्याच्या पानालाही प्रतिष्ठा एकाने वाढते आणि तो काढण्याच्या पानालाही वाढते. अर्थात त्यासाठी तीनची दोन पाने जातात, त्यामुळे हे उत्पन्न कायमचे मानून चालत नाही.

डावाच्या मध्यावर जिहादी बाजूच्या पानांतून ‘लष्कर-ए-तैयबा’ हे पान निघाले: पाकिस्तानात एक सेल, भारतात एक सेल. भारताची चाचणी (देशाची न ठरलेली स्थिती फाशाने ठरवणे) झाली, फाशावर दोन पडले आणि भारत ‘सॉफ्ट’ ठरला. त्याआधीच युरोपातील दोन देश सॉफ्ट झाले होते. अमेरिका हार्ड आणि जग सॉफ्ट अशी दरी वाढली की ‘वॉर ऑफ आयडियाज’च्या प्रत्येक फाशातून ती वजा होते, आणि प्रतिष्ठेतून कमावलेला एक तेथेच खर्ची पडतो.

या पानाविषयी एक तक्रार नोंदवतो. ‘इंडो-पाकिस्तानी टॉक्स’ हे अमेरिकेचे पान पटावर असेल तर ‘लष्कर’चे पान खेळताच येत नाही, असा नियम आहे. चर्चा सुरू असली की हल्ले होत नाहीत हे त्यामागचे गृहीतक दिसते. प्रत्यक्षात २००४ पासून दोन्ही देशांत समग्र संवाद चालू होता, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी चर्चेसाठी दिल्लीतच होते. खेळ प्रकाशित झाला त्यानंतर दोन वर्षांनी. वॉशिंग्टनच्या खुर्चीतून पाहिलेल्या जगात भारत हा हार्ड किंवा सॉफ्ट असा एक चौकोन आहे, हे मी समजू शकतो. परंतु या दोन पानांची अशी जोडी लावताना घटनाक्रम पुन्हा तपासायला हवा होता. पुढच्या डावांत ‘टॉक्स’ने ‘लष्कर’ पूर्ण न रोखता केवळ भारतातला सेल रोखावा, असा घरगुती नियम करून पाहण्याचा विचार आहे.

इराकचा मोह नेहमीप्रमाणे झाला. ‘इराकी डब्ल्यूएमडी’ हे पान हातात असले आणि अमेरिका हार्ड असली की इस्लामिस्ट रूल नसतानाही इराकमध्ये रेजीम चेंज करता येतो. नांदेडचे माझे एक स्नेही हे पान आले की हमखास खेळतात, कारण इराकची तीन संसाधने त्यांना दिसतात. मला पट्टी दिसते. अफगाणिस्तानात पाच आणि इराकमध्ये सहा म्हटले की पट्टीवर चार उरतात, हात सात पानांचा होतो, आणि दोन्ही ठिकाणी पाचांची अट सांभाळताना तीनची पाने पुरत नाहीत. शिवाय हे पान स्वतःच तीन गुणांचे आहे. मी ते खेळले, पण घटनेसाठी नव्हे. पाकिस्तानवर खर्च केले. पाकिस्तान आधीच दोनच्या पानाने मित्रपक्ष झाला होता आणि मदतीची खूणही तेथे होती. त्या पानाने तो गुड झाला. अण्वस्त्रे बाळगणारा देश इस्लामिस्ट रूलखाली जाण्याची टांगती तलवार दूर झाली, हे मला दोन संसाधनांपेक्षा मोठे वाटते.

इंडोनेशिया-मलेशिया चाचणीत फेअर निघाल्यामुळे तेथे सगळे काम दोनच्या पानांवर भागले. चाचणीत पुअर निघालेला देश, मग तो कितीही संसाधनांचा असो, मी शक्यतो तसाच सोडतो.

शेवटच्या दोन फेऱ्यांत सोमालिया गेला. तेथे सुरुवातीपासून ‘बिसीज्ड रेजीम’ची (डळमळीत सत्तेची) खूण असते आणि त्यामुळे मेजर जिहादला एक यश कमी लागते. तक्त्याने योगायोगानेच तेथे पाच सेल जमवले होते. इस्लामिस्ट रूलचा एक देश पटावर असला की प्रत्येक फेरीअखेर प्रतिष्ठा एकाने उतरते. तरीही एका संसाधनासाठी सहा ठोकळे अडकवणे मला मान्य नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेत एक कट मांडला गेला आणि हातातले शेवटचे तीन ‘अलर्ट’वर गेले. तो कट उधळला नसता तर निधी थेट नवावर गेला असता.

गठ्ठा संपला तेव्हा आखाती राष्ट्रे, पाकिस्तान आणि इंडोनेशिया-मलेशिया मिळून गुड संसाधने आठ, इस्लामिस्ट रूलकडे एक. पाने संपल्यावर गुड संसाधने दुपटीने असली की अमेरिका जिंकते, म्हणून डाव माझ्या नावे लागला. मात्र बारा गुड संसाधनांचा थेट विजय अजून चार पावले दूर होता. अफगाणिस्तान शेवटपर्यंत पुअरच राहिला.

पुढचा डाव ‘कोहेरंट’ पातळीवर आहे, जेथे यशस्वी प्रत्येक कटामागे एकाऐवजी दोन कट पटावर येतात. म्हणजे ‘अलर्ट’ची मागणी वाढणार आणि तीनची पाने आणखी महाग होणार. त्यासाठी राखीव गुणांचा वापर तपासायचा आहे: दोनचे पान बाजूला ठेवून त्याच फेरीत एकच्या पानाला तीनचे वजन देता येते, पण फेरी संपताच साठा पुसला जातो. दोन पाने खर्चून एक तीन मिळतो, आणि आठ पानांच्या हातात हे किती वेळा परवडते याची नोंद फेरीनिहाय ठेवणार आहे. मांडणी तीच राहील. ज्यात अमेरिका सॉफ्ट असते ती ‘यू कॅन कॉल मी अल’ ही मांडणी कोहेरंट पातळीचे आकडे हाती आल्यावर घेईन. लातुरात सध्या पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा लावला की सेलच्या चकत्या पटावरून सरकतात, म्हणून पटावर ठेवायला काचवाल्याकडून पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा कापून घेतला आहे. चकत्या मात्र त्याच्या वरच राहतात, त्यामुळे प्रत्येक प्रदेशाच्या कडेला पातळ पट्टी चिकटवावी की चकत्यांसाठी खाचेचे खोके करावेत, याविषयी कोणी प्रयोग केला असल्यास जरूर कळवावे.