ज्युनिपरचे शेंडे खुडू नका: पावसाळ्यानंतरची नोंद

पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि गच्चीवरचा माझा बोन्साय, चायनेन्सिस ज्युनिपर (खवल्यांसारख्या पानांचा चिनी ज्युनिपर), चारी बाजूंनी सुटला. पुण्यात या झाडाला खरा जोर येतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. म्हणून छाटणी याच वेळेसाठी राखून ठेवली होती. उन्हाळाभर एकाही शेंड्याला हात लावला नाही.

ज्युनिपरचा प्रत्येक शेंडा चिमटीत धरून खुडायचा, म्हणजे पॅड (फांदीवरचे पानांचे गुच्छ) गोल आणि घट्ट होतात, असं आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. ही पद्धत सोडून द्यावी, असं माझं ठाम मत आहे. ज्युनिपरची ताकद त्याच्या हिरव्या वाढत्या टोकांत असते. ती वारंवार काढत राहिलं की फांद्या हंगामागून हंगाम अशक्त होतात आणि खुडलेली टोकं तपकिरी पडतात. शिवाय पॅडवर दाट छप्पर तयार होतं, आतल्या बारीक फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि ते वाळतात. जुन्या उघड्या लाकडावर ज्युनिपर सहसा नव्याने फुटत नाही. आतली हिरवळ एकदा गेली की ती फांदी आखूड करायचा रस्ताच बंद होतो.

यंदा सगळं काम टोकदार कात्रीनेच केलं. आधी फांद्यांच्या खालच्या अंगाला लोंबणारे फुटवे आणि बेचक्यांतली गर्दी काढली. मग पॅडच्या रेषेबाहेर धावलेले लांब शेंडे एकेक करून मागे शोधत गेलो. आत जिथे जोमदार उपफुटवा मिळाला, त्याच्या अगदी पुढे देठावर काप दिला. कात्री हिरव्या खवल्यांतून आडवी जाऊ द्यायची नाही, देठावरच चालवायची. त्यामुळे काप पानांच्या आड जातो आणि टोकं करपत नाहीत. जे शेंडे रेषेच्या आत होते ते तसेच ठेवले, टोकासकट.

एका वेळी फार काढू नका. जास्त हिरवळ गेली की खवल्यांच्या पानांचा चायनेन्सिस पुन्हा काटेरी, सुईसारखी कोवळी पानं काढतो, आणि ती जाऊन परत खवले यायला वर्षं जातात. डाव्या बाजूच्या मधल्या फांदीवर तीन वर्षांपूर्वीच्या जोरदार छाटणीनंतर आलेल्या सुया अजून आहेत. त्यांच्या टोकांना आता खवले दिसू लागलेत, म्हणून त्या फांदीला या खेपेस कात्री लावली नाही.

न्यू जर्सीतल्या मावसभावाकडे जपानी ब्लॅक पाइन आहे. तिथलं गणितच वेगळं. वसंतात आलेल्या कँडल (मेणबत्तीसारखे उभे कोवळे कोंब) तो जूनच्या अखेरीस बुडापासून कापतो. जपानीत याला मेकिरी म्हणतात. त्यानंतर त्याच जागी दुसरी पालवी येते. तिला वाढायला दिवस कमी मिळतात, म्हणून तिच्या सुया आखूड राहतात. अशक्त कँडल आधी, जोमदार कँडल आठ-दहा दिवसांनी कापायच्या, म्हणजे जोर सगळीकडे सारखा वाटला जातो. कापणीपर्यंत खत भरपूर, मग नव्या सुया पक्क्या होईपर्यंत बंद. हे फक्त निरोगी, भरभरून वाढणाऱ्या झाडावरच करायचं. जपानी व्हाइट पाइनला मात्र हे चालत नाही, कारण तो वर्षातून एकदाच फुटतो. त्याच्या लांबलेल्या कँडल सुया उघडण्याआधी बोटांनी अर्ध्यापर्यंत मोडायच्या, बस. स्प्रूसच्या नुकत्या उघडलेल्या कोवळ्या कोंबांनाही बोटंच बरी. म्हणजे ‘कोनिफर’ (सूचीपर्णी झाडं) या एका शब्दाखाली सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. झाड कुठून आणि किती वेळा फुटतं ते बघूनच हात घालायचा.

छाटणीनंतर आत ऊन पोचू लागलं आणि खोडाजवळच्या जुन्या फुटव्यांवर फिक्या हिरव्या टोकांची रांग दिसतेय. दोन वर्षांनी पॅड आत ओढायचे ते याच फुटव्यांवर. पॅड विरळ असले की लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीडही लवकर नजरेत येते: फांदीखाली पांढरा कागद धरून झटकायचं, बारीक ठिपके चालू लागले की समजायचं. मार्चपासून हे दर आठवड्याला करणार.

फांद्यांना वळण द्यायच्या तारा डिसेंबरात घालेन, तेही फक्त वरच्या तिसऱ्या भागाला. मागची खालची फांदी बाकीच्यांपेक्षा मंद आहे. तिचे सगळे शेंडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोकळे सोडलेत, आणि तिच्यावर सावली धरणारी वरची फांदी थोडी जास्त उघडली आहे.