तुरटीतलं पोटॅशियम

मृग लागला की आमच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. परवा दुपारी पिंपात तुरटी फिरवत होतो, तर दहावीतली पुतणी शेजारून जाता जाता म्हणाली, "के-ए-एल, एस-ओ-फोर ट्वाइस, डॉट, ट्वेल्व्ह एच-टू-ओ." तुरटीचं रासायनिक सूत्र. आणि गेली.

तो डॉट! आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्याला गुणिले समजायची. मग एकदा बाईंनी लोखंडी पळीत तुरटीचा खडा तापवला. आधी तो वितळला, मग बुडबुडे आले, मग फुगून पांढरी, पोकळ लाही झाली. कोरड्या ठणठणीत खड्यात वजनाने निम्म्याला थोडं कमी पाणीच असतं म्हणे. टिंबापुढचं सगळं आमच्या डोळ्यांदेखत वाफ होऊन गेलं.

'ट्वाइस'चा हिशेब सोपा. पोटॅशियमचा धनप्रभार एक, अ‍ॅल्युमिनिअमचे तीन, मिळून चार. सल्फेटचे ऋणप्रभार दोन, म्हणून सल्फेट दोन. मिटलं.

खरा वांधा आयनिक समीकरणाचा, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रभार असलेले सुटे कण, आयन, मांडून अभिक्रिया लिहायची त्याचा. तुरटी विरघळली की सगळे सुटे होतात. अ‍ॅल्युमिनिअमचं पाण्याशी जमतं, त्याचं गिळगिळीत हायड्रॉक्साइड होतं आणि तेच मातीला कवटाळून तळाशी बसतं. पोटॅशियम आणि सल्फेट जसेच्या तसे, म्हणून दोन्हीकडून खोडायचे. मला हे खोडणं कधी आवडलं नाही. उत्तर लिहून झालं की मी कोपऱ्यात पेन्सिलीने खोडलेल्यांची नावं लिहून ठेवायचो. त्याला गुण नव्हते. पण सल्फेटचा हात धरल्याशिवाय अ‍ॅल्युमिनिअम वाण्याकडे आलं असतं का? सुटा आयन काही पुडीत बांधून मिळत नाही.

पोटॅशियमची बाजू मात्र मलाही घेता येईना. जलशुद्धीकरण केंद्रात वापरतात त्या तुरटीत ते नसतंच, नुसतं अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट. गाळ तरीही बसतोच. पुतणीला हे सांगितलं, तर म्हणाली, "काका, मग आपल्या तुरटीत ते करतंय काय?"

पोटॅशियम असलं की स्फटिक मोठा, पारदर्शक, आठ पैलूंचा जमतो. हातात धरून पिंपात फिरवता येतो, दाढीनंतर गालावरून ओढता येतो. आता हे बाणाच्या कुठल्या बाजूला लिहायचं?

"पेपरात नको लिहूस," एवढंच मी म्हणालो.