ट्रॅपची वही: पेलिएलो, भोपाळ आणि उजवीकडची तबकडी

या वेळच्या नोंदीत माझे गुण कमी आणि इटलीचा नेमबाज जोव्हानी पेलिएलो जास्त आहे. सरावात सध्या जे बदललंय ते त्याच्या कारकिर्दीकडे बघूनच.

ट्रॅप म्हणजे हवेत सुटलेली तबकडी बंदुकीने फोडायचा नेमबाजीचा प्रकार. आपल्याकडे ट्रॅप म्हटलं की मानवजित सिंग संधूचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. 2006 साली झाग्रेबला जगज्जेता, मग खेलरत्न, शिवाय चार ऑलिंपिक. त्याच्याही आधी बिकानेरचे करणी सिंग, 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. ही दोन नावं ज्याला ठाऊक नाहीत त्याने बारा बोअरची बंदूक हातात घेऊ नये, असं माझं (जरा ताठर) मत आहे.

पण मी वहीत उतरवून घेतलाय तो इटलीतल्या व्हेर्चेल्लीचा पेलिएलो. 1995, 1997 आणि 1998 असा जगज्जेता, आणि मग थेट 2013 ला पुन्हा. मधल्या पंधरा वर्षांत माणसं खेळ सोडतात, प्रशिक्षक होतात, पोट सुटतं. हा मात्र ऑलिंपिक पदकं घेत होता: सिडनीत कांस्य, अथेन्सला रौप्य, बीजिंगला रौप्य. 1992 मध्ये बार्सिलोनाला पहिलं ऑलिंपिक खेळलेला हा गडी 2016 ला रिओत, वयाच्या 46 व्या वर्षी, सुवर्णाच्या लढतीत उभा होता. क्रोएशियाच्या योसिप ग्लास्नोविचशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या जादा फेरीत, सुवर्ण गेलं. सुवर्ण नाहीच, शेवटपर्यंत.

आमच्या मंडळींत याला कमनशिबी म्हणतात. मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंडकडे बघा. 1996 आणि 2000 ची सुवर्णं त्याच्याकडे आहेत. 2012 ला लंडनमध्ये त्याने पात्रता फेरीत 125 पैकी 125 फोडल्या, एकही सुटली नाही. तेव्हा हे गुण अंतिम फेरीत धरले जायचे, म्हणजे तो पुढे राहूनच सुरुवात करणार होता. तरी घसरला, आणि कांस्यासाठीच्या शूट-ऑफमध्ये कुवेतच्या फहैद अल-दीहानीने त्याला चौथ्यावर ढकललं. पात्रता फेरीत एका तबकडीला दोन काडतुसं मिळतात, अंतिम फेरीत एकच. 2013 पासून तर पात्रतेचे गुणही पुसले जातात, सगळ्यांची पाटी कोरी. अशा खेळात कोण मोठा हे एका दुपारवरून ठरवायचं तर मग नाणंच उडवा ना!

पेलिएलो इतक्या नियमबदलांतून टिकला, त्यावरून मी एकच गोष्ट उचलली: बंदूक खांद्याला लागण्याची क्रिया दर वेळी तीच हवी. तबकडी आपल्या हातात नसते. समोरच्या खंदकात तबकड्या फेकणारी पंधरा यंत्रं, नेमबाजाच्या पाच जागांपैकी प्रत्येकीसमोर तीन. आवाज दिला की त्यातल्या कुठल्यातरी एकातून 110 मिलिमीटरची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. 25 च्या फेरीत 10 डावीकडे, 10 उजवीकडे आणि 5 सरळ येणार हे माहीत असतं, क्रम माहीत नसतो. काही जण मनात हिशेब ठेवतात, ‘आता डावी उरली’ वगैरे. मी तो नाद सोडलाय. हिशेब करणारा डोळा उशिरा सुटतो.

म्हणून घरचा सराव असा: बंदूक रिकामी, दोन्ही नळ्या तपासलेल्या, काडतुसं दुसऱ्या कपाटात कुलपात. नळीच्या तोंडात छोटा टॉर्च बसवायचा आणि भिंत जिथे छताला मिळते त्या रेषेवरून उजेड सरकवायचा. दस्ता (बंदुकीचा खांद्याकडचा भाग) गालाला लागला की डोकं हलता कामा नये. हात वळवला तर उजेड लगेच रेषेखाली लोंबतो. कंबर आणि गुडघ्यातून वळलं तर सरळ जातो. मी उजव्या हाताचा, त्यामुळे उजवीकडे वळताना दस्ता गालापासून सुटू बघतो. सगळी मेहनत सध्या तिथेच चाललीय. डावं पाऊल थोडं उजवीकडे फिरवून उभं राहिल्यापासून त्या बाजूला वळायला जागा मिळते.

एप्रिल-मेमध्ये भुसावळात हे करायचं म्हणजे पहाटेच. सूर्य वर आला की जाकीट अंगाला चिकटतं आणि डोळ्यांत घाम. शेजारच्या काकांनी एकदा खिडकीतून विचारलं, “काय करून राहिला रे भाऊ, छतावर पाली मारतो का?” आता ते उजेड बघून घड्याळ लावतात.

खऱ्या तबकड्यांसाठी भोपाळ. तिथल्या अकादमीत शॉटगनची सोय आहे आणि भुसावळहून इटारसीमार्गे थेट गाडी आहे, हे आपलं नशीब. परवाना आणि कागदपत्रं बॅगेत सगळ्यांत वर ठेवा, बंदूक उघडून पेटीत, हे नव्याने येणाऱ्यांना सांगतो.

मागच्या फेरीत डावीकडच्या जवळजवळ सगळ्या पहिल्याच काडतुसाला फुटल्या. उजवीकडच्या फुटल्या, पण बऱ्याच दुसऱ्यावर, आणि लांब गेल्यावर. 24 ग्रॅमच्या काडतुसात तितक्या लांबवर छर्रे विरळ होतात, तेव्हा दुसऱ्यावर भरवसा ठेवून चालणार नाही. बाकी गुण वाढलेत, विशीच्या खाली सहसा येत नाही.

आता गव्हाच्या पेरण्या आटोपल्या की पुन्हा जायचंय. फेरीत सहा जण असले की लय चांगली लागते. पाच जागांवर पाच, सहावा मागे थांबलेला, म्हणजे दोन तबकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला बरोबर वेळ मिळतो. जळगाव, धुळे, चोपड्याकडून कोणी परवानाधारक येत असेल तर एकाच गाडीचं आरक्षण करू. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे लागली.