मागचा हात

माझं सहकारनगरात मेडिकल आहे. क्रेप बँडेज महिन्याला फार तर डझनभर जातात. गुडघेवाल्या आजी, पाय मुरगळून घेतलेली पोरं, झालं. त्यामुळे एक तरुण दर पंधरवड्याला येऊन चार-चार बँडेज आणि दुखण्याचा स्प्रे न्यायला लागला तेव्हा मला राहवलं नाही. "एवढं लागतं कशाला रे?" म्हणालो. "समोर शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग घेतो. या की काका एकदा बघायला."

ही 2019 ची गोष्ट. मी 43 वर्षांचा होतो. बघायला म्हणून गेलो तो गेलोच.

हॉलच्या उंबऱ्याबाहेर मी काका आणि तो 'अरे'. आत पाऊल टाकलं की मी कमरेत वाकून 'ओस' म्हणतो आणि तो सर होतो. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान असलेल्या माणसाला सर म्हणायला जड जाईल असं वाटलं होतं, पण पहिल्याच दिवशी त्याने, म्हणजे सरांनी, वीस मिनिटं नुसतं उभं राहायला लावलं आणि तो प्रश्न आपोआप मिटला. मांड्या अशा थरथरत होत्या की दुकानात परत येऊन शिडीवरच्या खोक्यातली औषधं काढायला नोकराला चढवलं.

वर्गात रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. मी पांढरा पट्टा, सगळ्यात शेवटी. माझ्या पुढे पाचवीतली एक केशरी पट्टेवाली. तिनेच मला मूठ वळायला शिकवली. "काका, अंगठा आत नाही ठेवायचा. मोडतो." पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच, हेइआन शोदान. एकूण 21 हालचाली, सुरुवात डावीकडे वळून खालचा अडवा. तिला म्हणे तो तीन आठवड्यांत आला होता, मला तीन महिने लागले. इतोसू आन्को नावाच्या गुरुजींनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळेच्या मुलांसाठी शंभरेक वर्षांपूर्वी हे काते बांधले. मुलांसाठीच बांधलेत म्हटल्यावर मुलांना लवकर येणारच, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

मग कोविड आला. वर्ग बंद, मेडिकल मात्र चालू. काउंटरमागे सॅनिटायझरच्या खोक्यांमधून साडेतीन पावलांची जागा उरायची, तेवढ्यात फोनवर सरांचं बघून काता करायचो. चौथ्या पावलाला फ्रीज. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला ओकिनावाच्या र्यो कियुनाने काताचं सुवर्ण जिंकलं, तेही मी काउंटरवरच बघितलं. एक गिऱ्हाईक पॅरासिटामॉलसाठी तीन मिनिटं उभं होतं. शेवटी तेही बघायला लागलं.

या सगळ्या काळात सरांचं एकच पालुपद होतं: "काका, मागचा हात." ठोसा मारताना पुढचा हात जातो तेव्हा दुसरा तितक्याच जोराने ओढून कमरेशी आणायचा असतो. त्याला हिकिते म्हणतात. मी आणत होतोच की! आरशात बघितलं तरी मूठ बरोबर कमरेशी दिसायची. त्यामुळे ते मागचा हात म्हणाले की मी जोरात 'ओस' म्हणायचो आणि मनात म्हणायचो, आता अजून काय उपटून मागे नेऊ?

चार वर्षं अशी गेली. तपकिरी पट्टा मिळाला आणि सरांनी शनिवारच्या कोबुदोच्या तुकडीत घेतलं. कोबुदो म्हणजे ओकिनावातली जुनी हत्यारं: बो, साई (त्रिशूळासारखं लोखंडी हत्यार), टोन्फा, नुनचाकू, कामा (विळा). बो म्हणजे सहा शाकूंचा दांडा, आपल्या मापात 182 सेंटिमीटर. मी स्वतः 163.

या हत्यारांची एक गोष्ट सगळीकडे सांगतात. 1609 साली जपानमधल्या सात्सुमा प्रांताच्या सामुराईंनी र्युक्यू बेटं, म्हणजे आताचं ओकिनावा, घेतली, हत्यारं काढून घेतली, मग शेतकऱ्यांनी शेतातली अवजारं उचलली. टोन्फा म्हणजे जात्याचा खुंटा, नुनचाकू म्हणजे धान्य झोडायचं दांडकं. गोष्ट छान आहे, आणि वाईच्या आजीच्या जात्याचा खुंटा आठवला की ती खरीच मानावीशी वाटते. पण मला ती जरा जास्तच घोटीव वाटते. ज्या साकुगावांच्या नावाने बोचा काता आहे ते नांगर धरणारे नव्हते, तिथल्या मानकरी वर्गातले होते. साई तर तिथले चौकीदार बाळगत. शेतकऱ्याला दिवसभर राबल्यावर संध्याकाळी काते घोटायला अंगात त्राण उरत असेल का, हाही एक प्रश्न.

असो. बो पाहिजे होता. ऑनलाइन महाग, म्हणून आधी बुरूड आळीत गेलो. दिवस गणपतीच्या आधीचे, आळीत सगळीकडे उंच बांबू टेकवलेले. "ध्वजपथक का?" दुकानदाराने विचारलं. नाही म्हटल्यावर "मग मंडप?" मी हावभाव करून दाखवले. त्याने एक भरीव बांबू काढून दिला, लाठीला एक नंबर. मी हात सरकवून बघितला तर प्रत्येक पेराशी अडकला. बोचं सगळं काम हात सरकण्यावर असतं, दांडा क्षणात लांब होतो, क्षणात आखूड. लाठी फिरते, बो हातातून घसरतो. "पेर नसलेला बांबू पाहिजे असेल तर लाकूड घ्या," तो म्हणाला. पुणेरी उत्तर, पण बरोबर.

मग टिंबर मार्केट. तिथे जिन्याचे खांब कातून देणारा एक जण भेटला. मध्ये तीन सेंटिमीटर आणि टोकांना निमुळता, असं कागदावर काढून दिलं. सहा फुटी बारीक दांडा यंत्रावर मधोमध थरथरतो, म्हणून त्याने पुष्कळ कुरकुर केली, पण सागाचा करून दिला. बाराशे रुपये. स्कूटरवरून आणताना सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "काका, भालाफेक का?" सरांनी दांडा हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "कात्याला चालेल. जोडीत मारामारीला आणू नका, साग आहे, तडकेल." जोडीला मी वेताचा वापरतो.

त्या कातणाऱ्याने प्रेमाने वर चकचकीत वॉर्निश मारलं होतं. पंधरा मिनिटं फिरवला की तळहाताच्या घामाने ते चिकट व्हायचं आणि हात सरकायचा थांबायचा. एका रविवारी गॅलरीत बसून पॉलिश पेपरने सगळं उतरवलं. आधी 120 नंबर, मग 220. पांढरी भुकटी उडते, मग एका क्षणी कागदाचा आवाज बदलतो, खरखर जाऊन नुसती सरसर उरते आणि खालून सागाचा तपकिरी रंग आणि वास येतो. त्यावर जवसाचं तेल फडक्याने चोळलं, रात्रभर ठेवलं, पुन्हा चोळलं. फडकं उन्हात पसरून वाळवायचं, चुरगळून ठेवलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. सौ.ने बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाली, "घरातल्या दाराला वर्षभर कडी बसवायची राहिलीये."

आता मूळ मुद्दा. बोचा वरून खाली मारायचा साधा वार. मी मारला की टोक डोक्याच्या उंचीला थांबायच्या ऐवजी खाली झुकून दोनदा डुलायचं. जोर तर मी भरपूर लावत होतो. सरांनी एक दिवस वेताचं पुढचं टोक चिमटीत धरलं. "मारा." मी पुढच्या हाताने ढकललं. टोक हललं नाही. दोन बोटांत धरलेलं!

"काका, रात्री दुकानाचं शटर कसं खाली घेता?"

आकड्याच्या दांड्याने. वरचा हात नुसता दांडा आकड्यात धरून ठेवतो, ओढतो खालचा. बोलता बोलता मी तसे हात केले आणि बो सरांच्या चिमटीतून सटकन सुटला. वार पुढचा हात मारतच नव्हता. तो फक्त दिशा दाखवतो. मारतो मागचा, ओढून. मोकळ्या हाताने ठोसा मारताना मागची मूठ ओढली काय किंवा नुसती येऊन बसली काय, आरशात सारखीच दिसते. सहा फुटी दांड्याचं टोक मात्र लगेच चहाडी करतं. चार वर्षं मी मागचा हात कमरेशी आणत होतो, ओढत नव्हतो.

याच्या उलट दांडपट्टा. आमच्या गल्लीतला एक मुलगा मर्दानी खेळ करतो, 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्यापासून त्याची छाती दोन इंच वाढली आहे. त्याच्या सरावाचा पट्टा एकदा हातात घालून बघितला. हात खोबळ्यात कोपराच्या जवळपास जातो आणि मनगट संपतंच, वळतच नाही. काय करायचं ते खांद्याने आणि कमरेने. दोन वार केले आणि पात्याचं टोक माझ्याच कानाजवळून गेलं. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे शाळेपासून म्हणत आलोय, पण जिवा महालाने 1659 साली त्या गर्दीत हे पातं नेमक्या जागी कसं उतरवलं असेल याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. पट्टा मुकाट्याने काढून परत दिला.

सध्या शनिवारी संध्याकाळी सराव म्हणजे गंमत आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत ढोलपथक बसलंय. सर 'इची, नी, सान' मोजतात आणि ताशा त्यावरून धावत जातो, आम्ही अंदाजाने वार करतो. पाचवीतली ती मुलगी आता अकरावीत आहे, काळा पट्टा, आणि अजूनही माझ्या पुढे उभी असते. ती ढोलाच्या ठेक्यावर काता करते आणि सर दिसले की गंभीर होते.

कोपराला एक जुना निळा डाग आहे, नुनचाकूचा. हॉलमधल्या पंख्याचं एक पातं वाकलंय, त्याविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलंय. क्रेप बँडेज मी आता माझ्यासाठी वेगळं मागवतो.

मागच्या शनिवारी शुशी नो कोन हा बोचा काता पूर्ण केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टोक एकदाही न डुलता. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागचा हात आला, काका. आता पुढचा झोपलाय."