तुम्ही विचारलंत म्हणून: रझाकारांचं आणि त्यानंतरचं

सप्टेंबर आला की सगळे विचारतात, आजोबा, रझाकारांचं सांगा ना, तुम्ही तर पाहिलेत. पाहिलेत, सांगतोही. पण तेवढं ऐकून झालं की लोक उठतात, आणि मी पुढचं सुरू केलं तर म्हणतात यांचं वय झालं, हे आता ‘त्यांची’ बाजू घ्यायला लागले.

आधी तुम्हाला हवं ते. 15 ऑगस्ट 1947 ला बार्शीत झेंडे लागले, ती इंग्रजी हद्द. आम्ही तुळजापूरकडचे, निजामाचे, आमच्याकडे तिरंगा लावला की तुरुंग, स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी आत टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात निजामाची बाजू घेणारे ते हत्यारबंद रझाकार गावात आले, आमचं घर पेटवलं, चुलत्याला वेशीत गोळी घातली, आम्ही रातोरात बैलगाडीने बार्शी गाठली. यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही.

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौज नळदुर्गात शिरली, 17 ला निजाम शरण आला, आणि थोड्या दिवसांनी आम्ही परतलो. मी दहा-अकरा वर्षांचा. गावात पाय ठेवल्या ठेवल्या अण्णा, माझे वडील, म्हणाले, मशिदीमागच्या आडाचं पाणी प्यायचं नाही. मी का म्हणून विचारलं तर आजीने पाठीत धपाटा घातला. वारा फिरला तेव्हा वासावरूनच कळलं. पिंजाऱ्याचं घर सताड उघडं, आमच्या गाद्या दरवर्षी तोच पिंजायचा, त्याची कमान भिंतीला टेकलेली, तात तुटलेली, कापूस पार रस्त्यापर्यंत उडालेला.

रात्री त्याची बायको मागच्या दाराने आली. मायने काही विचारलं नाही, तिला आपलं लुगडं नेसवलं, कपाळावर आडवं कुंकू ओढलं आणि आम्हाला बजावलं, कुणी आलं तर ही माझी बहीण. ती बाई एकच विचारत होती, आडाकडं कुणी बघून आलं का? माय चुलीतला जाळ सारत राहिली.

अण्णांचा सख्खा भाऊ गेलेला. ती घरात होती तोवर त्यांनी घरात अन्नाला हात लावला नाही. पण चौकशीला माणसं आली तेव्हा ‘मेहुणी आहे माझी’ असं दारात उभं राहून सांगितलं ते अण्णांनीच. मग मामाने तिला गाडीत घालून सोलापूरला सोडलं. पुढचं माहीत नाही.

तिशीत मीच म्हणायचो, सुरुवात कुणी केली ते बघा. त्या तिशीतल्या माणसाला द्यायला आजही माझ्याकडे चोख उत्तर नाही, फक्त पिंजाऱ्याने काय केलं होतं हे त्यालाही सांगता यायचं नाही. आणि हे माझ्या एकट्याच्या गावचं नाही हो. दिल्लीनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने फौज आल्यावरच्या हिंसेत 27 ते 40 हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला, सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद, आणि तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. माझा चुलता गेलाय, मला कुणी बाजू शिकवू नये.

अण्णा म्हणायचे, पिंजाऱ्याचा पुतण्या रझाकारांत होता, त्यानेच आमचं घर दाखवलं. असेलही. पुतण्याचं केलेलं काकाने भरायचं का, यावरून आम्ही ते जाईपर्यंत भांडलो, त्यांनी आपलं सोडलं नाही आणि मीही नाही.