मवाबी रूथ, नगरच्या ताई

रविवार, रात्री.

"आजचे शास्त्रवाचन आपल्या नगरच्या ताई करतील," असे सांगण्यात आले आणि मी उठून पुढे गेले. 'आपल्या' हा शब्द त्यात होता, हे मान्य आहे. पण लग्न होऊन पुण्याच्या या ख्रिस्ती मंडळीत येऊन मला १९ वर्षे झाली, आणि तरीही मी नगरचीच. घरी आल्यावर ह्यांना सांगितले, तर म्हणाले, "मग काय खोटे बोलले?" त्यावर मी भाजी चिरत बसले.

कापणीचा सण असल्यामुळे वाचन बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचे होते. रूथ म्हणजे सासू नामीबरोबर मवाब या परक्या देशातून इस्राएलात आलेली विधवा. मी परकी असताना तुम्ही माझी दखल का घेतलीत, असे रूथ शेताचा मालक बवाज याला विचारते, तिथे माझा आवाज थोडा अडखळला. मूळ हिब्रूत तिथे 'ओळखणे' आणि 'परकी' हे दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांवर उभे आहेत, हे मला पूर्वी कोणीतरी सांगितले होते. ओळख आणि परकेपणा इतके जवळ जवळ राहतात, हे आज अंगावर आले.

उपदेश नेहमीच्या वाटेने गेला. 'तुमचे लोक ते माझे लोक' या रूथने नामीला दिलेल्या वचनापासून थेट मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील येशूच्या वंशावळीपर्यंत एकच उडी, आणि मवाबातली विधवा दावीद राजाची पणजी झाली. मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, हा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातला नियम उल्लेखिला गेला, तोही कृपा किती मोठी हे दाखवण्यापुरता. मधल्या दिवसांचे कोणी काही बोलत नाही. म्हणून दुपारी मी चारही अध्याय पुन्हा वाचले आणि चक्क मोजत बसले. तिने ते वचन उच्चारल्यानंतरही पुस्तक तिला पाच वेळा 'मवाबी रूथ' म्हणते, शिवाय कापणी करणाऱ्यांवरचा मुकादम तिची ओळख 'मवाबी तरुणी' अशी करून देतो, ती वेगळी. शेवटचे दोन उल्लेख तर वेशीत, वडीलजनांसमोर, खुद्द बवाजाच्या तोंडचे आहेत. मत्तय म्हणतो त्याप्रमाणे ज्याची आई राहाब, म्हणजे तीही यरीहोची परकी बाई, त्या बवाजाच्या! व्यवहार शेताचा आणि तिच्या मृत नवऱ्याच्या वारशाचा होता, तेव्हा कोणाची कोण हे त्याला नेमके सांगावेच लागले असेल. तरीही मला ते लागले.

बवाजाशी तिचे लग्न झाल्याचे सांगणाऱ्या ओळीत मात्र ती नुसती 'रूथ' आहे. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच तिचे नावच पुस्तकातून नाहीसे होते. शेजारच्या बाया बाळाचे नाव ओबेद ठेवतात आणि नामीला मुलगा झाला म्हणून आनंद करतात. बाळंतपण केले कोणी, नाव ठेवले कोणी! इथे मला एकटीलाच हसू आले, कारण माझ्या मुलीच्या बारशालाही साधारण असेच झाले होते. आणि मत्तयाच्या वंशावळीत रूथचे नाव कोणत्याही विशेषणाशिवाय असले, तरी पुढच्याच वचनात दाविदाची बायको बथशेबा हिचे नाव न घेता, पहिल्या नवऱ्यावरून उरीयाची बायको म्हणूनच तिचा उल्लेख आहे. आईला फोन करावा, असे एकदा मनात आले. राहू दे.

संध्याकाळी सणातला प्रसाद सोलापूरच्या मावशींकडे पोहोचवायचा होता. गुडघ्यांमुळे त्या हल्ली उपासनेला येत नाहीत. डब्यावर नाव लिहायला पेन घेतले आणि हात थांबला. फोनमध्येही त्या 'सोलापूरच्या मावशी' अशाच आहेत. माझ्या लग्नात त्यांनीच माझी वेणी घातली होती. शेवटी जाऊबाईंना विचारून घेतले, तर त्यांनाही चटकन आठवेना.