आमची वाटचाल : सीमेच्या काठावरची एक टूलरूम

टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या उत्तर काठावर एल पासो हे शहर वसले आहे आणि नदीच्या पलीकडे मेक्सिकोतील हुआरेझ. मधल्या पुलांवरून माणसांची आणि मालाची रोज ये-जा चालते. आमची टूलरूम एल पासोत आहे. प्लास्टिक इंजेक्शन मोल्ड, म्हणजे प्लास्टिकचे भाग ओतण्याचे साचे, आणि पत्रा कापण्या-वाकवण्याचे प्रेस टूल दुरुस्त करणे, त्यांचे झिजलेले भाग नव्याने बनवून देणे आणि अधूनमधून एखादा लहान साचा पूर्ण तयार करणे हा आमचा धंदा. आमच्याकडे चौदा माणसे आहेत. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे नदीपलीकडे, यंत्रे इकडे, पोलाद अर्धेअधिक युरोपातले आणि पगार डॉलरमध्ये. सीमेवरची भिंत, आयातशुल्क आणि गेलेल्या नोकऱ्या परत आणण्याची भाषा यांवरून अमेरिकेत जे राजकारण चालले आहे, त्याचा प्रत्येक फेरा आमच्या कोटेशनच्या कागदावर उमटलेला आहे; त्यामुळे आमची वाटचाल सांगताना ते राजकारण बाजूला ठेवता येत नाही.

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतल्यावर मी काही काळ मिरज एमआयडीसीत एका डायमेकरच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली काढला आणि पुढच्या शिक्षणासाठी एल पासोच्या विद्यापीठात आलो. शिक्षण संपल्यावर हुआरेझमधल्या एका कारखान्यात टूल इंजिनीअरची नोकरी लागली. राहायचे या देशात आणि कामाला जायचे त्या देशात, असे हजारो लोक इथे करतात. उलट दिशेने येणारेही तितकेच. तिथे एक गोष्ट लक्षात आली की साचा बिघडला की तो शिकागोकडे किंवा ओहायोकडे पाठवावा लागे आणि त्यात आठवडे जात. पुलाच्या अलीकडेच हे काम कुणी चोख करून दिले, तर गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही, या हिशेबाने २००४ साली एक जुनी वायरकट (तारेने धातू कापणारे यंत्र), एक मिलिंग आणि एक सरफेस ग्राइंडर घेऊन आम्ही सुरुवात केली. हिशेबाची आणि कस्टम्सच्या कागदांची बाजू पहिल्यापासून पत्नीने सांभाळली, आणि या धंद्यात ती बाजू ग्राइंडिंगइतकीच नाजूक असते.

हुआरेझमध्ये हे कारखाने आले कसे, हे इथे सांगायला हवे, कारण आजच्या वादाचे मूळ तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेक्सिकन शेतमजुरांना अमेरिकेत हंगामी कामासाठी आणण्याची जी योजना सुरू झाली, ती १९६४ मध्ये बंद पडली. परत गेलेल्या मजुरांच्या हाताला काम हवे म्हणून मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमेलगत उद्योगांची योजना आणली. अमेरिकेतून सुटे भाग शुल्काविना आत न्यायचे, जोडणी करायची आणि तयार माल परत पाठवायचा. अमेरिकी कस्टम्स शुल्क लावणार ते मुख्यतः तिकडे वाढलेल्या मूल्यावर. या कारखान्यांना माकिलादोरा म्हणतात. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला आणि या व्यवस्थेला वेग आला. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी नोकऱ्या दक्षिणेकडे ओढल्या जातील असा इशारा दिला होता, आणि कराराला प्रतिनिधिगृहात मते देणाऱ्यांत अध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षापेक्षा रिपब्लिकन सदस्य जास्त होते. आज याच करारावर सर्वांत कडाडून टीका कोणत्या पक्षातून होते ते पाहिले, की राजकीय भूमिका किती सहज कूस बदलतात ते कळते.

नाफ्टाचा फटका एल पासोला बसला नाही असे म्हणणे धादांत खोटे ठरेल. एके काळी हे शहर पँट आणि जीन्स शिवण्याचे मोठे केंद्र होते. फारा कंपनीच्या शिलाई कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया होत्या, १९७२ ते १९७४ असा दीर्घ संप करून संघटनेचा हक्क मिळवला होता. शतक बदलताना ते शिवणकाम इथून उठले. आमच्याकडे तपासणीचे काम पाहणाऱ्या बाई तिथल्याच. वीस वर्षे खिसे आणि झिपर शिवल्यावर एका शुक्रवारी कारखाना बंद झाल्याचे त्यांना कळले. सरकारने त्यांना इंग्रजीच्या वर्गात बसवले आणि कॉम्प्युटरचे प्रमाणपत्र दिले. त्या प्रमाणपत्रावर काम काही मिळाले नाही. आमच्याकडे आल्यावर त्या मायक्रोमीटर धरायला शिकल्या आणि आज त्यांच्या नजरेखालून गेलेला भाग गिऱ्हाईकाकडून परत येत नाही. त्या आयातशुल्काच्या बाजूने आहेत. मी त्यांच्याशी या विषयावर वाद घालत नाही, कारण त्यांनी काय गमावले ते मला कागदावरून कळते आणि त्यांना आठवते.

तरीही मालक म्हणून मला आकडे पाहावे लागतात. अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ मध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या. २००० सालीही त्या १ कोटी ७० लाखांच्या वर टिकून होत्या, म्हणजे नाफ्टाच्या पहिल्या सहा वर्षांत एकूण संख्या कोसळली नव्हती. पुढच्या दहा वर्षांत मात्र ती सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, यंत्रमानव वाढले, २००८ ची मंदी आली. हुआरेझमधलेही काही कारखाने त्या काळात चीनला गेले आणि आमची सुरुवातीची दोन गिऱ्हाइके त्यात गेली. नोकऱ्या फक्त मेक्सिकोनेच नेल्या हे भाषणात ठीक आहे. या शहरात बसून पाहणाऱ्याला ते पटत नाही.

आता भिंतीविषयी. बाहेरच्या लोकांना वाटते की भिंत २०१६ नंतर सुरू झाली. एल पासोत सीमेवर पहारा वाढवण्याची मोठी मोहीम १९९३ मध्येच झाली होती, आणि सुमारे ७०० मैलांचे कुंपण बांधण्याचा कायदा २००६ मध्ये, बुश यांच्या कारकिर्दीत झाला, ज्याला सिनेटमध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांनीही मत दिले होते. आमच्या शहरातले उंच कुंपण त्याच कायद्यातून उभे राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणात सांगितले की एल पासो हे अतिशय धोकादायक शहर होते आणि कुंपणामुळे ते सुरक्षित झाले. त्याला जाहीर हरकत घेतली ती आमच्या तेव्हाच्या महापौरांनी, डी मार्गो यांनी, आणि ते रिपब्लिकन होते. खरी भीषण अवस्था पलीकडे होती. २०१० साली एकट्या हुआरेझमध्ये तीन हजारांहून अधिक खून झाले. त्या दिवसांत आमचे कामगार साचा आणायला पलीकडे जायला कचरत. तरी कारखाने चालू राहिले, आणि आमचे कामही.

धंद्याच्या दृष्टीने भिंतीपेक्षा पूल महत्त्वाचा. भिंतीतून माल जात नाही, पुलावरून जातो, आणि सीमेचे राजकारण तापले की पहिला फटका पुलाला बसतो. २०१९ च्या वसंतात पुलांवरचे कस्टम्स अधिकारी स्थलांतरितांच्या कामाकडे वळवले गेले आणि ट्रकांच्या रांगा वाढल्या. एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी केंद्राची तपासणी पार करून आलेल्या ट्रकांची राज्य पोलिसांकडून पुन्हा तपासणी सुरू केली. कारण दिले होते अमली पदार्थ आणि बेकायदा स्थलांतर यांचे. तपासणीत निघाले ते टायर, ब्रेक आणि दिव्यांतले दोष. वैतागलेल्या मेक्सिकन ड्रायव्हरांनी शेवटी पूलच अडवून धरले.

त्याच सुमारास आमच्याकडे एका मोटारीच्या वायरिंगमधल्या कनेक्टरचा साचा येत होता. साच्याचे दोन भाग मिटतात ती रेघ झिजली होती आणि तयार कनेक्टरच्या कडेला प्लास्टिकची पातळ पापडी येऊ लागली होती. अशा कामात झिजलेल्या जागी लेझर वेल्डिंगने धातू भरायचा, ग्राइंडिंग करायचे, एका बाजूला निळा रंग लावून दोन्ही भाग प्रेसमध्ये दाबायचे आणि रंग कुठे उमटला, कुठे नाही, ते पाहून पुन्हा घासायचे. काम मायक्रॉनमध्ये चालते, हातही अनुभवी लागतो. आमच्या ज्येष्ठ डायमेकरला त्यासाठी रात्रपाळीला थांबवले होते. साचा पुलाच्या पलीकडे ट्रकमध्ये अडकून पडला. पलीकडे कारखान्याची एक लाइन बंद, अलीकडे आमचा सर्वांत कुशल माणूस ओव्हरटाइम घेत बसलेला. त्या लाइनवर जोडले जाणारे कनेक्टर पुढे मिशिगनच्या गाड्यांत बसणार होते. मेक्सिकोतून अमेरिकेत येणाऱ्या तयार मालात सुमारे ४० टक्के मूल्य अमेरिकेतच तयार झालेले असते, असे अर्थतज्ज्ञांच्या एका बहुचर्चित अभ्यासात म्हटले होते. आमच्यासारख्या टूलरूमची मजुरीही त्याच हिश्श्यातली.

आयातशुल्काचा पहिला तडाखा २०१८ मध्ये बसला. पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागले. १ जूनपासून मेक्सिको आणि कॅनडाही त्यात आले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटले. लगेच त्याच महिन्याच्या अखेरीस धमकी आली की स्थलांतर थांबले नाही तर मेक्सिकोच्या सर्व मालावर ५ टक्के शुल्क लागेल आणि ते २५ टक्क्यांपर्यंत वाढत जाईल. आठवडाभरात ती मागे घेतली गेली. शुल्क लागले नाही, पण त्या आठवड्यात एकाही गिऱ्हाईकाने नवी ऑर्डर दिली नाही. १ जुलै २०२० पासून नाफ्टाची जागा यूएसएमसीए कराराने घेतली. मोटारीतला प्रदेशातच तयार झालेला हिस्सा ६२.५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेणारा आणि त्यातला काही भाग ताशी १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यावा असे सांगणारा हा करार मला तरी बरा वाटला, कारण त्यात निदान नियम लिहिलेले होते आणि त्यांच्या आधारे दर ठरवता येत होते.

२०२५ मध्ये नियमच आठवड्यागणिक बदलू लागले. १ फेब्रुवारीला मेक्सिकोवर २५ टक्के शुल्क जाहीर झाले, दोन दिवसांत ते पुढे ढकलले गेले, ४ मार्चला लागू झाले आणि दोनच दिवसांनी यूएसएमसीएत बसणाऱ्या मालाला सूट मिळाली. पोलादावरचे २५ टक्के शुल्क १२ मार्चपासून सर्व देशांना लागू झाले आणि ४ जूनपासून ते ब्रिटन वगळता इतरांसाठी ५० टक्के झाले. साच्यासाठी लागणारे टूल स्टील आम्ही जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे घेतो, कारण काही प्रतींना इथे तोडीस तोड पर्याय नाही. ज्यांना आहे, त्यांचे भाव इथल्या पोलाद कारखान्यांनी लगोलग चढवले. देशी उद्योग वाचवण्यासाठी लावलेल्या शुल्कामुळे देशात बनणारा साचा महाग होतो आणि बाहेर बनून आलेला साचा तुलनेने परवडतो, हा प्रकार मी इथल्या खासदारांच्या कार्यालयातल्या एका सभेत मांडला. सर्वांनी मान डोलावली, इतकेच झाले. कोटेशनची मुदत आम्ही तीस दिवसांवरून सातवर आणली आणि पोलादाच्या दराचे कलम वेगळे टाकले. जुनी गिऱ्हाइके रुसली, पण बहुतेक टिकली. ऑगस्टअखेर भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले, तेव्हा कोल्हापुरातून ओतकाम करणाऱ्या एका मित्राचा फोन आला आणि प्रथमच आम्ही दोघे एकाच गोष्टीबद्दल तक्रार करत होतो. वीजदरामुळे कर्नाटकात जाण्याची भाषा कोल्हापूरच्या उद्योजकांनी एकदा केली होती, त्याची आठवण त्यानेच काढली. कारखानदाराला सीमेपलीकडचा दर नेहमीच दिसतो.

शुल्काने जोडणीचे काम परत येईल का, असे मला मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारते. २०२५ मध्ये मेक्सिकोच्या सीमाभागातले किमान वेतन दिवसाला ४१९.८८ पेसो, म्हणजे वीस-बावीस डॉलर होते. टेक्सासमध्ये किमान वेतनाने काढले तरी आठ तासांचे ५८ डॉलर होतात आणि त्या पगारावर इथे आज कुणी येत नाही. वायरिंगची हातजोडणी त्यामुळे परत येणार नाही. आली तर यंत्रमानवावर येईल, आणि यंत्रमानवाला लागणारी टूल्स आमच्यासारखेच बनवतील, म्हणून त्या दिशेने झालेला बदल आम्हाला व्यक्तिशः वाईट नाही. अडचण निराळीच आहे. आमच्या डायमेकरांपैकी तिघे साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या जागी बसेल असा चाळिशीचा माणूस या शहरात सापडत नाही. भिंतीसाठी २०२५ च्या कायद्यात ४६.५ अब्ज डॉलर मंजूर झाले आहेत. आमच्या इथल्या कम्युनिटी कॉलेजात मशीनिंगच्या वर्गाला मात्र जुन्या लेथवर भागवावे लागते.

म्हणून आम्ही गेल्या उन्हाळ्यात दोन शिकाऊ मुले घेतली, एक एल पासोची मुलगी आणि एक हुआरेझमध्ये वाढलेला अमेरिकी नागरिक असलेला मुलगा. त्यांना पहिले सहा महिने फक्त ग्राइंडिंग आणि फाइलिंग दिले आहे, आमच्या मिरजेच्या उस्तादांनी दिले होते तसेच. पाच अक्षांचे नवे मिलिंग घ्यायचे होते, पण यूएसएमसीएचे पुढे काय ते ठरवणारा संयुक्त आढावा जुलै २०२६ मध्ये ठरलेला असताना बँकेचे एवढे कर्ज डोक्यावर घेणे पत्नीला मान्य नाही, आणि तिचा हिशेब मला खोडता आला नाही. ओहायोतल्या एका बंद पडलेल्या टूलरूमच्या लिलावात तसेच वापरलेले यंत्र निघाले आहे. त्यासाठी बोली लावली आहे.